सीओटू मीटर आठ महिने वापरल्यावर: ठाण्यातल्या एका क्लासमधला अनुभव

आधीच सांगून टाकते, सीओटू म्हणजे हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजणारा मीटर घ्यावा का तर हो, घ्यावा, पण नीट बघून घ्या, कारण मी पहिल्यांदा चौदाशे रुपये अक्षरशः पाण्यात घातले आणि मग साधारण नऊ हजारांचा दुसरा घेतला तेव्हा खरं काय ते कळलं. ब्रँडचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, या वस्तूत डब्यावरचं नाव बघायचंच नाही, आत सेन्सर कुठला आहे ते बघायचं, त्याबद्दल खाली लिहितेय.

मी नौपाड्यात नववी-दहावीचे सायन्स-मॅथ्सचे क्लास घेते, एकोणीस वर्षं झाली. खोली बारा बाय सोळाची, चौदा मुलं आणि मी, संध्याकाळी साडेसहा ते साडेआठ. पहिला पाऊण तास झकास जातो आणि मग साडेसातच्या पुढे मुलं उतरायला लागतात, जांभया सुरू, कुणाचं डोकं दुखतंय, जी मुलगी सातला पटापट उत्तरं देत होती तीच पावणेआठला संख्या पलीकडे नेताना चिन्ह बदलायला विसरते. इतकी वर्षं मी यावर एकच उपाय केला, ओरडले. मोबाईल बघत जागता, दुपारी झोपत नाही, लक्षच नाही, सगळं ऐकवलं. आता ते आठवलं की खरंच वाईट वाटतं.

दिवाळीनंतर माझा एक जुना विद्यार्थी भेटायला आला, ऐरोलीला इलेक्ट्रॉनिक्समध्ये नोकरी करतो, बॅच चालू होती म्हणून मागच्या बाकावर बसून राहिला. वीस मिनिटांनी म्हणाला, "टीचर, इथे एसी आहे पण हवा नाहीये." मला आधी कळलंच नाही तो काय म्हणतोय, म्हटलं अरे एवढा गारवा आहे की. तर तो म्हणाला गारवा वेगळा, हवा वेगळी, तुम्ही सीओटू मोजा एकदा.

म्हणून मी ऑनलाईन सगळ्यात स्वस्त जो दिसला तो मागवला. रंगीत स्क्रीन, तापमान, आर्द्रता, सीओटू, फॉर्मल्डिहाइड, सगळं एकाच डबीत, चौदाशेत, मी खूश. दोन दिवस आकडे बघितले आणि काहीच ताळमेळ लागेना, रिकाम्या खोलीत १८०० आणि भरलेल्या वर्गात ७०० (हे आकडे पीपीएममध्ये, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत सीओटूचे किती भाग). मग त्याच मुलाने फोनवर सांगितलं, टीचर हाताला सॅनिटायझर लावा आणि हात त्याच्याजवळ न्या. नेला. आकडा एकदम ४००० च्या पुढे! आता सॅनिटायझरमध्ये अल्कोहोल असतं, त्याचा सीओटूशी काय संबंध? तर गोम अशी की त्या डबीत सीओटूचा सेन्सरच नव्हता. आत होता वासाचा, म्हणजे हवेत उडणाऱ्या रसायनांचा सेन्सर, आणि त्यावरून अंदाजपंचे काढलेला आकडा सीओटू म्हणून दाखवत होते. वर्णनात खाली बारीक अक्षरात 'ईसीओटू' लिहिलेलं असतं, त्यातला 'ई' म्हणजे इक्विव्हॅलंट, थोडक्यात प्रत्यक्ष मोजलेला नाही. परत करायची मुदतही तोवर संपली होती. त्यामुळे घेताना वर्णनात 'एनडीआयआर' किंवा 'फोटोअकूस्टिक' हा शब्द आहे का बघा, नसेल तर पुढे जा, कितीही स्टार असू देत.

एनडीआयआर म्हणजे काय ते मी वर्गात फळ्यावर काढून शिकवलं, मला स्वतःलाच इतकं आवडलं ते. एका टोकाला इन्फ्रारेडचा छोटा दिवा, दुसऱ्या टोकाला तो प्रकाश मोजणारा डिटेक्टर, मधे हवा. सीओटूचे रेणू ४.२६ मायक्रॉनच्या आसपासचे किरण शोषून घेतात, ऑक्सिजन-नायट्रोजन घेत नाहीत, म्हणजे पलीकडे जितका कमी प्रकाश पोचेल तितका मधे सीओटू जास्त. बस, एवढंच. आणि हा इन्फ्रारेड शोषायचा स्वभावच पृथ्वी तापायलाही कारण आहे. १८५६ साली युनिस फूट नावाच्या अमेरिकन बाईंनी काचेच्या नळकांड्यात सीओटू भरून उन्हात ठेवला तर तो साध्या हवेपेक्षा जास्त तापला, पुढे १८५९ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ टिंडलने इन्फ्रारेड शोषणाची मोजणी केली, आणि आज त्याच गुणावर चालणारी वस्तू माझ्या टेबलावर आहे. मुलांना चुन्याची निवळी दुधाळ होते तेवढाच सीओटू माहीत होता, त्यांच्यासाठी हे नवीन होतं.

तर नवा मीटर आला तो आधी गच्चीवर नेला, ४४५. बरोबर वाटतं, बाहेरची हवा आता साधारण एवढ्यातच असते, शहरात थोडी वर. हवाईच्या मौना लोआ डोंगरावर १९५८ साली मोजायला सुरुवात झाली तेव्हा ३१५ च्या आसपास होता आणि मे २०२५ मध्ये तिथली महिन्याची सरासरी पहिल्यांदा ४३० च्या वर गेली. म्हणजे माझ्या आईच्या लहानपणी हाच मीटर गच्चीवर ठेवला असता तर सव्वातीनशेच्या आत दाखवला असता. हे मुलांना सांगितलं तेव्हा वर्ग एकदम शांत झाला होता.

मग बॅच. साडेसहाला ५६०. सातला २१००. साडेसातला २७००. मी खडू हातात धरून नुसती बघत उभी. बरोबर साडेसात, ज्या वेळेला मी रोज ओरडायला सुरुवात करायचे.

आमच्याकडे स्प्लिट एसी आहे आणि बहुतेक लोकांना वाटतं, मलाही वाटायचं, की बाहेरचं युनिट बाहेरची हवा ओढून आत सोडतं. नाही. बाहेरच्या आणि आतल्या युनिटमध्ये फक्त गॅसच्या नळ्या असतात, हवा तीच, खोलीतली, फिरवून फिरवून गार करतात. चौदा मुलं, एक मी, खिडक्या घट्ट बंद. आपण जो श्वास सोडतो त्यात साधारण ४ टक्के सीओटू असतो म्हणजे ४०,००० पीपीएम. मी मुलांना गणित घातलं, बाहेर ४३०, आत २७००, तर आतल्या हवेतला किती भाग आधीच कुणीतरी श्वासातून बाहेर सोडलेला आहे? उत्तर येतं साधारण १८ श्वासांमागे एक. एक मुलगा "ईईई" करून ओरडला आणि उठून स्वतःच खिडकी उघडली.

आता खरंच यामुळे डोकं चालत नाही का, हे मी नीट वाचून काढलं, कारण आपण सायन्स शिकवतो तर उगाच भीती घालायची नाही. या विषयातलं संशोधन एका सुरात बोलत नाही आणि ते समजून घेण्यात मजा आहे. २०१२ मध्ये अमेरिकेत २२ जणांना ६००, १००० आणि २५०० पीपीएमच्या खोलीत बसवून निर्णय घेण्याची चाचणी दिली, हवेत बाकी काही बदल नाही, फक्त शुद्ध सीओटू सोडलेला, तर २५०० ला नऊपैकी सात बाबतीत कामगिरी चांगलीच घसरली. हे वाचून मी घाबरले. पण मग २०१८ मध्ये तशीच चाचणी पाणबुडीवर काम करणाऱ्या ३६ नौसैनिकांना दिली, अगदी १५,००० पीपीएमपर्यंत नेलं, काही फरक नाही! आणि डेन्मार्कमधल्या संशोधकांचं २०१७ चं काम मला सगळ्यात पटलं, त्यांनी शुद्ध सीओटू ३००० पर्यंत नेला तर लोकांना फारसं काही झालं नाही, पण तेवढाच सीओटू माणसांच्या श्वासातून-अंगातून येऊ दिला, म्हणजे हवा खेळतीच ठेवली नाही, तर डोकेदुखी, थकवा, झोप, कामाचा वेग कमी, सगळं दिसलं. म्हणजे दोष एकट्या सीओटूचा असेलच असं नाही, माणसांनी भरलेल्या कोंदट हवेत जे जे साठतं त्या सगळ्याचा आहे आणि सीओटू हा त्याचा मोजता येणारा खुणेचा दगड आहे. गंमत म्हणजे म्युनिकचे आरोग्यशास्त्रज्ञ पेटेनकोफर १८५८ मध्ये जवळजवळ हेच सांगून गेलेत, १००० पीपीएमची जी मर्यादा आजही पुष्कळ जण वापरतात ती त्यांचीच, आणि त्यांनीही सीओटूला विष म्हटलं नव्हतं, बिघडलेल्या हवेचं माप म्हटलं होतं.

शाळेच्या मुलांवरचं सरळ काम म्हणजे डेन्मार्कच्याच वर्गातलं, २००७ मध्ये छापून आलेलं, दहा वर्षांच्या आसपासची मुलं, बाहेरची ताजी हवा माणशी सेकंदाला ३ लिटरवरून ८.५ लिटर केली तर गणितं सोडवायचा वेग वाढला. मला टीचर म्हणून एवढं पुरेसं आहे. माझ्या मुलांचे मार्क मीटरमुळे वाढले असं मी अजिबात म्हणणार नाही, चौदा मुलांवरून असं काही ठरत नाही आणि मी शिकवण्याची पद्धतही या वर्षी बदललीये. पण डोकं दुखतंय म्हणून लवकर घरी जाणारं पोर आठवड्याला एक तरी असायचं, ते आता महिन्यातून एखादं.

पण मला खरं हलवलं ते टीबीच्या संशोधनाने. जगातल्या टीबीच्या पेशंटपैकी साधारण चौथा हिस्सा आपल्या देशात आहे आणि टीबी हवेतून पसरतो, बंद खोलीतल्या हवेतून. तैपेईच्या एका विद्यापीठात टीबीची साथ पसरली होती, त्यावरचा अभ्यास २०२० मध्ये आला, त्या खोल्यांमध्ये सीओटू ३००० च्या वर जात होता, हवा खेळती करून तो ६०० च्या आसपास आणला आणि साथ थांबली. औषधं आणि संपर्कातल्यांची तपासणी चालूच होती, पण हवेचा वाटा त्यांनी वेगळा काढून दाखवला. आणि पेरूच्या लिमा शहरात २००७ मध्ये आठ हॉस्पिटलांतल्या सत्तर खोल्यांमध्ये हवा किती वेळा बदलते ते मोजलं. खिडक्या-दारं उघडी ठेवलेल्या खोल्यांत तासाला २८ वेळा, आणि ज्या मशीनच्या वेंटिलेशनवर एवढा खर्च करतात त्यासाठी सांगितलेलं प्रमाण तासाला १२ वेळा. त्यातही जुन्या बांधणीच्या, उंच छताच्या, मोठ्या खिडक्यांच्या खोल्या नव्यांपेक्षा सरस ठरल्या.

हे वाचताना मला आमची जुनी बिल्डिंग डोळ्यासमोर आली. नौपाड्यातली जुनी घरं ज्यांनी बघितलीत त्यांना माहीत आहे, उंच छत, दारावर झरोका, खिडकीला खाली वेगळी झडप, समोरासमोर खिडक्या, दुपारी चटईवर झोपलं की वारा अंगावरून जायचा. सासूबाई म्हणायच्या झरोका बंद करायचा नसतो, घर घुसमटतं. पाच वर्षांपूर्वी रीडेव्हलपमेंट झाली, लिफ्ट आली, पार्किंग आलं, आणि झरोके गेले, छत खाली आलं, खिडक्या स्लायडिंगच्या, ज्या कितीही ताणा, अर्ध्याच उघडतात. क्रॉस वेंटिलेशन ब्रोशरवर होतं. मी नव्या घराला नावं ठेवत नाहीये, पावसात गळत नाही हे सुख मोठं आहे, पण ठाण्यात इतक्या सोसायट्या पाडून बांधल्या जाताहेत, मीटिंगमध्ये कार्पेट एरियावर तीन-तीन तास भांडतात, खिडकीच्या प्रकारावर कुणी दोन मिनिटं बोलत नाही, तर बोला हो, प्लॅन सही व्हायच्या आधी.

आता मीटरबद्दल कटकटी. पहिली म्हणजे ऑटो कॅलिब्रेशन. कंपनीतून येताना ते चालूच असतं आणि ते असं धरून चालतं की आठवड्यात कधीतरी मीटरला बाहेरची ताजी हवा मिळालीच असेल, म्हणून आठवड्यातला सगळ्यात कमी आकडा म्हणजे ४०० असं समजून स्वतःला जुळवून घेतं. माझी खोली सुरुवातीला कायम बंदच, तिथला कमीत कमी आकडाच ५०० च्या पुढे, त्यामुळे तो हळूहळू सगळेच आकडे कमी दाखवायला लागला. गच्चीवर नेला तर ३३०! आज उघड्यावरच्या हवेत एवढा कमी सीओटू सहसा कुठेच मिळणार नाही. तेव्हा ते बंद करा आणि महिन्यातून एकदा उघड्यावर नेऊन हाताने कॅलिब्रेट करा, माणसांपासून लांब ठेवून. दुसरं, हा मीटर हवेचा दाब गृहीत धरतो, ठाण्यात आपण समुद्रसपाटीलाच आहोत म्हणून चिंता नाही, पण मे महिन्यात महाबळेश्वरला नेला तर ३७० दाखवू लागला, सेटिंगमध्ये उंची टाकावी लागते. पुस्तिकेत हे आहे पण शेवटच्या पानावर. बीप फार कर्कश आहे, बंद करून टाकला. आणि पहिला आठवडा मुलं त्याच्यावर फुंकर मारून ५००० ची मर्यादा गाठायची स्पर्धा लावतात, लावू द्या, नंतर कंटाळतात. ठेवायचा डोक्याच्या उंचीवर, खिडकी आणि तोंड दोन्हीपासून लांब.

सगळ्यात महत्त्वाची उणीव, आणि हे घेणाऱ्याने समजून घ्यावं, हा मीटर धूळ बघत नाही. हिरवा दिवा लागला म्हणजे हवा चांगली असं नाही. आमची खिडकी रस्त्याकडे, शेजारच्या प्लॉटवर बांधकाम, हिवाळ्यात संध्याकाळी ती उघडली की सीओटू उतरतो पण पीएम २.५, म्हणजे अडीच मायक्रॉनपेक्षा बारीक धूळ, आत येते. तिची वर्षाची सरासरी घनमीटरला ५ मायक्रोग्रॅमच्या आत असावी असं डब्ल्यूएचओ २०२१ पासून म्हणतं, आपल्याकडची सरकारी मर्यादाच ४० आहे. म्हणजे एका बाजूने कोंदटपणा आणि दुसऱ्या बाजूने धूळ, आणि मधे ही पोरं. एअर प्युरिफायर धूळ काढतो, सीओटू नाही काढत, भलेभले इथे चुकतात. आणि मनी प्लांटच्या भरवशावर तर राहूच नका. हवेतली रसायनं काढण्याबाबत २०१९ चा एक आढावा आहे, जुने प्रयोग एकत्र मांडून त्यांनी हिशोब केला तर नुसत्या हवा बदलण्याएवढा परिणाम हवा असेल तर चौरस मीटरला दहा ते हजार झाडं लागतील म्हणे.

मी शेवटी काय केलं तर खिडकीत दहा इंची एक्झॉस्ट फॅन बसवला, फिटिंगसकट बावीसशे. हवा पॅसेजमधून दाराकडून येते, रस्त्याकडून नाही, त्यातल्या त्यात धूळ कमी. फॅन फुल ठेवून एसी बंद असेल तर पूर्ण वर्गात ८५०, एसी लावून फॅन कमी स्पीडवर ठेवला तर १२०० ते १३००, उन्हाळ्यात मी तेवढ्यावर तडजोड केली. बिल थोडं वाढलं, खोटं कशाला बोलू. शिवाय साडेसातला दहा मिनिटं सुट्टी, सगळे बाहेर, दार-खिडकी सताड, पंखा पाचवर. फॅन बसायच्या आधीसुद्धा नुसत्या या सुट्टीने आकडा २७०० वरून ९०० पर्यंत यायचा, म्हणजे ज्यांना मीटर परवडत नाही त्यांनी एवढं तरी करा, याला शून्य रुपये लागतात. बाहेरच्या हवेपेक्षा जेवढा जास्त आहे तेवढा अर्ध्यावर यायला बंद खोलीत पाऊण तास लागतो आणि उघड्या खोलीत चार-पाच मिनिटं, हे मुलांनी घड्याळ लावून मोजलं आणि आलेख काढला, माझ्या एकोणीस वर्षांतलं सगळ्यात छान प्रॅक्टिकल.

एका पालकांनी विचारलं, टीचर, एसीची फी घेता आणि खिडकी उघडी ठेवता? त्यांना काही समजावलं नाही, मीटर हातात दिला आणि म्हटलं, काका, घरी न्या, रात्री बेडरूममध्ये ठेवा. दुसऱ्या दिवशी काकांचा सकाळी सातला फोन, २४००, आम्ही दोघंच झोपलो होतो! डेन्मार्कच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीत २०१६ मध्ये हॉस्टेलच्या मुलांवर असाच प्रयोग झालाय, बंद खोलीत २४००-२५००, हवा खेळती ठेवली की १००० च्या आत, आणि झोप बरी लागून दुसऱ्या दिवशी तर्काच्या चाचणीतही फरक. काका आता खिडकीला मच्छरदाणीची जाळी लावून घेताहेत. जाळी लावाच, आपल्याकडे डेंग्यू आहे, डास सोडून चालणार नाही.

गाडीतही बघितलं, घोडबंदर रोडला मेट्रोच्या कामामुळे ट्रॅफिकमध्ये अडकलो होतो, आम्ही चौघं, एसी आतल्या हवेवर, पंचवीस मिनिटांत ३००० पार. तेव्हापासून थोड्या थोड्या वेळाने बाहेरच्या हवेचं बटण दाबते.

तर कुणी घ्यावा? क्लासवाल्यांनी नक्की, छोट्या दवाखान्यांनी तर आधी, जिथे खोकणारी माणसं बंद एसीत बसलेली असतात. घरासाठी प्रत्येकाने घ्यायची गरज नाही, तीन-चार दिवस मापलं की आपली खोली कळते, मग नुसती सवय लावून घ्यायची. इंग्लंडच्या सरकारने २०२१ च्या शेवटी शाळांना लाखांनी हे मीटर वाटले होते, आपल्याकडे निदान एका शाळेने एक घेऊन वर्गावर्गातून फिरवला तरी पुष्कळ. सोसायटीने एक घेऊन ठेवावा असं मी मीटिंगमध्ये मांडलंय, बघू.

तोवर माझा न्या. रविवारी बॅच नसते, नौपाडा-पाचपाखाडीतल्या कुणालाही चालेल, ओळखीची मंडळी आधीपासून नेताहेतच. फक्त सोमवारी साडेपाचच्या आत परत आणा, साडेसहाला दहावीची मुलं आल्या आल्या आधी तोच बघतात.